हातांनी बोलू नका

१० नोव्हेंबर
राही आजही थेरपीत एक शब्द बोलली नाही! साडेचार वर्षांची. कान तपासून झाले, ऐकू उत्तम येतं. मी चित्रं दाखवली, बाहुलीला भरवलं, भोवरा फिरवला. ती नुसती बघते. काही हवं असलं की बोटं हलवते आणि तिची आई, ऋतिका, लगेच ते हातात देते. मी सांगितलं, खुणा बंद. तोंडाने मागेपर्यंत काही द्यायचं नाही. बरोबर सांगितलं ना मी?

१३ नोव्हेंबर
काहीच नाही. घरी माझी आई म्हणाली, पोरांना बोलतं करायला एवढं कॉलेज लागलं तुला? तू तर पाळण्यातच बडबडायचीस. हसले, पण मग जेवण जाईना. आमच्या घरातली पहिली पदवी — आणि एका पोरीच्या तोंडून 'आई' निघत नाही.

१७ नोव्हेंबर
उलटंच झालंय. राही आता खुणाही करत नाही! हात मांडीखाली घालून बसते. ऋतिका म्हणाली, "मॅडम, हल्ली तहान लागली तरी पाणी मागत नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून मी पण आपणहून देत नाही."
आधी पाणी द्या म्हटलं. परवा घरीच येते, म्हटलं.

१९ नोव्हेंबर
दुपारी मिरकरवाड्याला त्यांच्या घरी गेले. दारातच ऋतिकाने ओठांवर बोट ठेवलं. एकच खोली. राहीचे बाबा, सुजय, बर्फाच्या कारखान्यात कायम रात्रपाळीला, पंख्याखाली झोपलेले. ऋतिकाने हातानेच विचारलं — चहा? साखर? मीही हातानेच सांगितलं, कमी!
मला बघून राहीने हात पाठीमागे लपवले. आईने मानेनेच 'सांग' म्हटलं, तेव्हा बोटं सुटली आणि सांगू लागली: मांजर खिडकीतून आलं, बांगडा पळवला, आई मागे धावली, धपकन पडली. ऋतिका ओढणी तोंडात कोंबून हसत होती.
केवढी गोष्ट! आणि मी तीच बंद केली होती. या घरात दिवसा आवाजच करायचा नसतो. मी विचारलंच नाही कधी. पण मग हातांवरच सोडून द्यायचं का तिला? शाळेत कोण समजून घेणार?

२१ नोव्हेंबर
आज मीही तोंड उघडलं नाही. हातांनीच विचारलं, मांजर परत आलं का? राही उठली, जवळ आली, माझ्या कानाला तोंड लावलं.
"ताई, तुझे पण बाबा झोपलेत?"