चौकातले हजार तास

१२ मार्च

जेट! खरंखुरं जेट! नागपूरच्या एका कंपनीला मालकाच्या विमानासाठी को-पायलट हवाय. हँगरमध्ये चहा पिता पिता मोबाइलवर जाहिरात दिसली आणि अर्धा चहा पॅन्टवर.

अट एकच खरी — एकूण एक हजार तासांचं उड्डाण. मुलाखतीच्या दिवशी पूर्ण झालेले पाहिजेत. जेटचं प्रशिक्षण कंपनीच देणार. माझे आज नऊशे बासष्ट. मुलाखत ४ एप्रिलला. मोरव्याच्या धावपट्टीवर पोरापोरींना शिकवत रोज दोन तास जरी मिळाले तरी होतात. होतात म्हणजे होतातच!

आजवर प्रत्येक जाहिरात वाचून मोबाइल आपटलाय. पंधराशे तास, दोन हजार तास, त्यातले जेटवरचे पाचशे. अरे बाप्पा, जेटमध्ये कोणी बसवलंच नाही तर जेटवरचे तास आणू कुठून? बाजारात पावशेर मिळतात का?

अर्ज पाठवला. नऊशे बासष्ट लिहून.

१३ मार्च

बाबांना सांगितलं. बाबा चुनखडीच्या खाणीत डंपर चालवतात. आयुष्य गेलं त्यात. ऐकून घास हातातच राहिला. "म्हंजे मालकाले तू नेशीन? वरतून?"

वरतून नाही तर काय रस्त्यानं!

मग जेवण होईपर्यंत एकच — जेटले गेअर किती असते, रिव्हर्स घेते का नाई. आई शेवटी ओरडली, "पोट्टीले जेवू द्या!"

१५ मार्च

सकाळचं पहिलं उड्डाण गेलं. धूर! मोहाचे दिवस सुरू झाले. झाडाखालचा पालापाचोळा पेटवायचा, म्हणजे स्वच्छ जमिनीवर पडलेली फुलं वेचता येतात. आमच्या इथे काय, सगळ्या रानात हेच. पण तो धूर सकाळी थंड हवेत जमिनीला चिकटून बसतो आणि वरून धावपट्टीच दिसत नाही.

माझी विद्यार्थिनी स्वाती भामरागडची. तिची आई स्वतः मोहफुलं वेचते. मी वैतागलेली पाहून तिनं तिथल्या तिथे आईला फोन लावला — "माय, पानं झाडून घे ना, जाळू नोको. आमच्या मॅमचे तास चालले."

तिकडून तिची आई, सुकरीबाई, काय म्हणाल्या तर, "तुह्या विमानाले सांग, फुलं वेचून झाल्यावर ये म्हणा."

हसून हसून पोट दुखलं. तोपर्यंत धूर विरला. दोन तास मिळाले!

१८ मार्च

मेले. मेले मी!

संध्याकाळी घरी येताना चौकात पाहते तर माझाच फोटो. ट्रकएवढा फ्लेक्स! "गडचांदूरची वाघीण कॅप्टन दिव्यानी, १००० तास विमान चालवल्याबद्दल व जेट विमानावर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" खाली शुभेच्छुकांचे फोटो. मधोमध गॉगल लावून रामाजीकाका. बाबांचे जिवलग. दहावी पास झाली तरी फ्लेक्स, गाय व्याली तरी फ्लेक्स!

कसली निवड? अजून मुलाखत व्हायचीय! आणि हजार? माझे चौऱ्याहत्तर झालेत नऊशेवर!

काकांना म्हटलं, काका, हे काऊन केलं? तर म्हणतात, "नऊशे चौऱ्याहत्तर कायले लिवाचं? अधुरं दिसते. हजार कसं भरल्यासारखं वाटते. होऊनच तर राह्यले!"

यांना कसं सांगू? आमच्या धंद्यात तास वाढवून लिहिणं म्हणजे चोरी. पकडलं की लायसन्स जातं, आणि नाव त्याच्याही आधी जातं. वरून या मालकाचा कारखाना इकडच्याच पट्ट्यात. कंपनीची माणसं या चौकातून जातात-येतात. कोणी वाचलं तर माझा अर्ज गेला कचऱ्यात!

काढा म्हटलं तर बाबांचं तोंड उतरलं. फ्लेक्ससमोर उभं राहून खाणीतल्या सगळ्या मित्रांना फोटो पाठवले होते त्यांनी. मला फार वाईट वाटलं. पण रागही आला. दोन्ही.

१९ मार्च

केलं!

इलेक्ट्रिशियनची शिडी आणली. मोरव्याहून परस्पर चौकात, युनिफॉर्मवरच चढले. "निवड झाल्याबद्दल" यावर पांढरा कागद. "१०००" वर दुसरा कागद, आणि त्यावर जाड मार्करनं आजचा आकडा — ९७६. खाली अख्खा चौक गोळा. "काय करून राह्यली वो मॅडम?" पानठेल्यावरचे पोट्टे शिट्ट्या मारत होते. शिडीपायी एक पांढरी गाडी अडकली, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न! मागच्या सीटवरचा गॉगलवाला म्हातारा काच खाली करून निवांत पाहत बसला. जसा काही तमाशाच!

शिडी हलली तेव्हा खाली पाहिलं. बाबा. दोन्ही हातांनी शिडी धरून उभे. कधी आले कळलंच नाही. म्हणाले, "कमी त कमी. पन आपलेच हायेत ना?"

डोळे भरून आले. मार्करचा सहा जरा वाकडा आला.

२१ मार्च

काका फुगलेत. बोलत नाहीत. मीही चौक टाळून मागच्या गल्लीनं घरी येते.

२५ मार्च

काका फुगलेले नाहीत! आज चौकात पाहते तर ९७६ वर कागदांचा थर, सगळ्यात वर — ९८७! बाबा रोज संध्याकाळी मला आकडा विचारायचे, वाटलं कौतुकानं विचारतात. तो थेट काकांकडे जात होता. काका रोज शिडीवर! पानठेल्यावर क्रिकेटच्या स्कोअरसारखं सुरू आहे — "आज किती?" "तीन काढले पोट्टीनं!" बसमधून कंडक्टरही ओरडला, "मॅडम, अजून तेरा!"

मला आता लाज वाटत नाही. मजा येतेय! अख्खं गाव माझ्यासोबत उडतंय.

३१ मार्च

९९६. होणार! हातात चार दिवस आहेत. पांढरा शर्ट इस्त्री करून कपाटात टांगला.

२ एप्रिल

९९८! फक्त दोन! उद्या सकाळी स्वातीसोबत दोन तास, की झालं. काकांनी हजारचा कागद रंगीत बनवून ठेवलाय म्हणे. चमकीवाला. देवा!

३ एप्रिल

धूर.

आज असा की धावपट्टीचं पलीकडचं टोक दिसेना. आम्ही विमानात बसून वाट पाहिली, उतरलो, परत बसलो. धूर विरला तोवर वारा उठला, धावपट्टीला आडवा. स्वाती सोळा-सतरा वेळाच एकटी उडालेली पोर. शिकवायचं विमान मला एकटीला मिळत नाही, आणि तिला घेऊन अशा वाऱ्यात? माझ्या दोन तासांसाठी? नाही.

संध्याकाळी निकेश — माझ्यासोबतच शिकवतो — म्हणाला, "दोन तास लिहून टाक ना यार. आजचं उड्डाण झालं म्हणून. कोण पाहून राह्यलं?"

खरं सांगते, एक मिनिट मीही विचार केला. पेन हातात होतं. मग चौकातला तो वाकडा सहा आठवला.

काकांना बाबांनीच सांगितलं. रंगीत कागद परत गुंडाळून ठेवला.

४ एप्रिल

नागपूर. मुलाखत घेणारे कॅप्टन भरुचा. पांढरे केस, बोलणं कमी. इंजिन बंद पडलं तर काय, पंखांवर बर्फ साचला तर काय, मालक म्हणाला आत्ताच उतरव तर काय. सगळं धडाधड सांगितलं. मस्त चाललं होतं!

मग तास पाहिले. "दोन कमी आहेत."

म्हटलं, हो सर.

"काल का नाही उडालीस?"

सांगितलं. मोह, धूर, वारा, स्वाती. ऐकून घेतलं. म्हणाले, "हजार म्हणजे हजार. विमा कंपनी माझंही ऐकत नाही. पुढच्या आठवड्यात नावं ठरतील." आणि उठले.

परतीच्या बसमध्ये रडले. गडचांदूरला उतरताना तोंड धुतलं. चौकात कोणी काही विचारलं नाही. तेच जास्त लागलं.

६ एप्रिल

हवा एकदम साफ! स्वाती म्हणाली, "मॅम, नोकरी गेली तं गेली, हजार तं कराचे ना." निघालो. खाली हिरवं-तपकिरी रान, मोहाचे पिवळे ठिपके, लांब वैनगंगा. दोन तास. हजार! स्वाती हवेतच टाळ्या वाजवायला लागली. ओरडले तिच्यावर — आधी हात कंट्रोलवर!

संध्याकाळी काकांनी चमकीवाला कागद लावला. उगाच आहे, पण छान दिसतो. बाबांनी पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर म्हणाले, "भरले ना."

७ एप्रिल

सकाळीच फोन. कॅप्टन भरुचा. नमस्कार नाही, काही नाही. "काय गं, गडचांदूरच्या चौकात आज किती लिहिलंय?"

फोन धरूनच उभी राहिले. म्हटलं, हजार, सर.

"तुझ्या शिडीपायी वीस मिनिटं अडकलो होतो मी. सोमवारी प्रशिक्षणाला ये."