पहिला चहा रस्त्याला

अहो,

उद्या सकाळी हॉटेल पुन्हा सुरू करतेय. त्याआधी तुमच्याशी एक भांडण उरकायचंय, म्हणून हे पत्र.

आपलं हॉटेल पाडलं. रस्ता रुंद करायला माणसं आली आणि दुपारपर्यंत सगळं आडवं झालं. मालाडच्या दगडाचा ओटा, मंगलोरी कौलं, दर्शनी भिंतीवर सिमेंटमध्ये उठवलेलं 'विसावा' हे नाव, सगळंच. तुमच्या गल्ल्याच्या जागेवरून आता बस जाते. बरं झालं तुम्ही आधीच गेलात, असं क्षणभर वाटलं. मग तुमचाच राग आला. हे बघायला मला एकटीला ठेवलंत?

आठवतं ना, लग्न होऊन जोगेश्वरीला आले तेव्हा भिंती नुकत्याच उभ्या राहिल्या होत्या? समोर नुसते तबेले. "इथे खायला कोण येणार, म्हशी?" असं मी विचारलं होतं. पण आले हो सगळे! आधी गाडीवान, मग लॉरीवाले. पुढे कारखान्यांची पाळी सुटली की ओट्यावरही जागा नसायची.

आणि रोज सकाळी तुमचं ते एक! पहिला चहा कपात गाळायचा आणि रस्त्यावर ओतायचा. मी चिडायचे. पहाटेपासून बटाटे सोलत बसलेली बायको दिसत नाही, रस्ता बरा दिसतो? तुम्ही हसायचात.

"अगो, रस्तो आपलो पोशिंदो. पयलो कप तेचो!"

बघा तुमचा पोशिंदा! इतकी वर्षं चहा पाजलात, त्यानेच हॉटेल गिळलं.

आपला विजय म्हणतो, "आई, बस झालं ना आता! मागे विहिरीजवळ जेमतेम एक पट्टी उरलीय. लोक बसणार कुठे?"

"उभ्याने खातील. तुला ह्याच वड्यांवर वाढवलाय. वर छपराचे पत्रे कधी टाकतोस ते बोल."

काल टाकले त्याने. 'विसावा'ची पाटीही स्वतःच रंगवली. रंगवताना डोळे पुसत होता, मी पाहिलं नाही असं दाखवलं. तुमची फार आठवण येते हो.

तर ऐका. हॉटेल चालणार, मी चालवणार. रस्त्याशी अबोला धरून भागायचं नाही, गिऱ्हाईक त्याच्यावरूनच येणार. त्याचा कप त्याला रोज मिळेल, हा माझा शब्द. पण दुसरा.

त्या पट्टीत एकच खुर्ची मावते. पहिला चहा मी पिणार. गरम, आणि बसून.

तुमचीच,
सुलभा