उंट नसलेलं वाळवंट

बाई, तुम्ही राजस्थान पाहिलं होतं का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. वर्गात वाळवंट शिकवताना तुम्ही फळ्यावर तीन टेकड्या काढल्या, एक खजुराचं झाड काढलं आणि एक उंट. उंटाची मान शेळीसारखी झाली होती. आम्ही हसलो, तर तुम्हीही फळ्याकडे तोंड करून हसलात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज मला खरंच आठवतो की मीच तो जुळवते, हे आता सांगता येत नाही. पण मी वाळवंट पाहून आले आणि तिथला एक फोटो काढला. त्या फोटोबद्दल लोक बरंच काही बोलले आहेत. त्यांना येत्या रविवारी उत्तर द्यायचं आहे, आणि त्याआधी तुमच्याशी बोलावं असं वाटलं.

तुमची बदली झाल्यावर माझं लग्न झालं, त्यामुळे आमच्या मालकांना तुम्ही पाहिलेलं नाही. ते अंकुशनगरला साखर कारखान्यात फिटर होते. ते गेले त्याला आता तिसरं वर्ष चालू आहे. मी जालन्यात मुलाकडे राहते. दुपारी वाचते, संध्याकाळी भाजी आणते. गेल्या हिवाळ्यात नणंद म्हणाली, "वहिनी, घरात बसून काय करून राह्यलात? माझ्यासंगं चला," आणि आम्ही दोघी यात्रा कंपनीच्या बसनं जैसलमेरला गेलो. वाळूच्या टेकड्या पाहिल्या, उंट पाहिले, सूर्य मावळताना सगळ्यांनी काढला तसा उंटांचा फोटो मीही काढला. पण मी म्हणते तो फोटो त्याच्या आधीचा, दुपारचा. बसचं टायर पंक्चर झालं म्हणून आम्ही खाली उतरलो होतो. वाळू नव्हती. बारीक दगड, तांबूस माती, चार-दोन रुईची झुडपं आणि वर रिकामं आभाळ. एवढंच त्या फोटोत आहे.

घराजवळच्या स्टुडिओत दोन्ही फोटो मोठे करायला दिले. स्टुडिओवाले भाईजान वयानं माझ्याएवढेच, घरात उर्दू, गिऱ्हाइकाशी मराठी. त्यांच्या दुकानाच्या माडीवर महिन्यातून एका रविवारी फोटोची हौस असलेले लोक जमतात. त्यांचा नियम मला फार आवडला. एकाचा फोटो भिंतीवर लावायचा, बाकीच्यांनी बोलायचं, आणि ज्याचा फोटो त्यानं त्या दिवशी एक शब्दही बोलायचा नाही. उत्तर पुढच्या बैठकीत. भाईजान म्हणाले, "या की ताई, चहा तर मिळंल." मी दुपारचाच फोटो दिला. का, ते विचारू नका, पुढे सांगते.

भाईजानच पहिले बोलले. "ताई, बुरा मानू नका, पण हे राजस्थान कमी अन् वाटूर फाटा जास्त वाटून राह्यलंय. ही रुई तर माझ्या घरामागं हाय."

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर साहेब आहेत. ते फोटोसमोर हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले. "क्षितिज बरोबर मधोमध आलंय. फोटोचे दोन तुकडे झाले. नजरेनं थांबायचं कुठं?"

एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "काकू, एखादा उंट तरी पाहिजे होता."

"उंट मी टाकून देतो कॉम्प्युटरवर," भाईजान म्हणाले. "बिलकुल खरा वाटंल."

"बिनसावलीचा उंट दिसेल तो," साहेब म्हणाले.

"सावलीबी टाकतो, साहेब. खर्चा तोच."

सगळे हसले, मीही हसले. शेवटी साहेबांनी एक वाक्य सांगितलं, ते माझ्याबरोबर घरी आलं. ते म्हणाले, "हा फोटो का काढला, ते फोटो सांगत नाही." त्या माडीवरच्या लोकांचं पुढच्या महिन्यात टाऊन हॉलमध्ये प्रदर्शन आहे. प्रत्येकाचा एकच फोटो. भाईजानांनी जिन्यातच सांगितलं, "उंटवाला द्या, जागा पक्की. ह्याचं मात्र रविवारी तुमचं उत्तर ऐकून ठरवतील." म्हणजे उत्तर पटलं नाही तर हा फोटो प्रदर्शनात लागणार नाही. मला तो तिथे लागायला हवा आहे, बाई. हे मी कुणाला बोलले नाही, पण फार हवा आहे.

मला राग आला नाही. नवल वाटलं. इतक्या लांब जाऊन काढलेलं वाळवंट पाहून माणसांना आपल्याच जिल्ह्यातलं वाटूर कसं दिसतं? तेव्हा तुमचा नकाशा आठवला. पाचवीत तुम्ही पावसाचा नकाशा रंगवायला दिला होता. कमी पावसाला पिवळा रंग. मी राजस्थान पिवळं केलं आणि त्याच खडूनं आपला जिल्हाही पिवळा केला. तुम्ही पाटी वाजवावी तसं माझ्या पाठीवर बोट वाजवलंत. "राजस्थान पाहिलंय का तू?" "न्हाई, बाई." "मंग?" मी म्हणाले, "आपलं पाहिलंय." तुम्ही कागद परत दिलात आणि कडक आवाजात म्हणालात, "नकाशात मनानं रंग भरायचे नाहीत." पण संध्याकाळी मला खोलीवर बोलावलंत. तुम्ही स्टोव्हपाशी भाकरी थापताय, पीठ कोपरापर्यंत उडालंय, आणि मी उंबऱ्यात बसून तुम्हाला वर्तमानपत्र वाचून दाखवतेय. शब्द अडला की तुम्ही सांगत नाही, फक्त भाकरी उलटायची थांबता. भाकरी करपू नये म्हणून मी तो शब्द लवकर फोडते. सातवीनंतर माझी शाळा सुटली तेव्हा तुम्ही कव्हर फाटलेल्या दिवाळी अंकांचा गठ्ठा दिलात. पुढचं वाचन त्यांनीच शिकवलं.

तर मी घरी फोटोशी खेळत बसले. साहेबांचं ऐकून वरचा अर्धा भाग वर्तमानपत्रानं झाकला. उरली नुसती जमीन, कुणाच्याही पडीक रानासारखी. मग खालचा भाग झाकला, तर आभाळ कुठलंही झालं. दोन्ही अर्धे उघडे ठेवले की मात्र काहीतरी वेगळं वाटायचं, आणि काय ते सापडत नव्हतं. म्हणून एके दिवशी फोटो पिशवीत घातला, अंबडची बस धरली आणि आपल्या गावी गेले. शाळेमागचं माळरान अजून तसंच आहे. दुपारच्या उन्हात फोटो हातभर लांब धरून मी एकदा त्याच्याकडे, एकदा रानाकडे बघत राहिले. शेळ्या घेऊन एक बाई आली. माझ्याहून लहान, डोक्यावर पदर, हातात कोयती लावलेली काठी.

"काय बघून राह्यल्या, मावशी? प्लॉट घ्यायचाय का?"

"न्हाई गं. हा फोटो बघ. कुठला वाटतो?"

तिनं फोटो उलटासुलटा केला. "आपलाच. कोणाचं रान हाय?"

"कोणाचंच न्हाई. राजस्थानातलं हाय."

"असं कसं कोणाचंच न्हाई?" ती म्हणाली. "बांध कुठंय मंग?"

मी फोटोत पाहिलं, मग समोर पाहिलं. समोर चार दगडांची ओळ होती, पलीकडे बोरीची रांग, त्याच्या पलीकडे कुणीतरी रोवलेला खांब. आपल्याकडे कितीही उजाड रान असलं तरी ते कुणाचं तरी असतं. फोटोत पायापासून आभाळापर्यंत एकही रेघ नाही, मधोमध आलेली ती क्षितिजाची सोडून. साहेबांना जी खटकली तीच. ती वर-खाली सरकवून बघेन म्हणते, पण मला वाटतं ती तिथेच बरी. शेळीवालीला मी बिस्किटाचा पुडा दिला. तिनं विचारलं, "तिथं शेळ्या कोणाच्या रानात चारतात मंग?" मला माहीत नव्हतं. अजूनही ते मनात आहे. तुम्ही असता तर पुस्तक काढून बसला असतात.

काल भाईजानांचा फोन आला. "ताई, काय ठरलं? उंट का वाटूर?" मी म्हणाले, "वाटूर." ते हसले आणि म्हणाले, "मंग उत्तर तगडं घेऊन या." बांधाचं मी सांगणार आहे, आणि क्षितिजाचंही. भाईजानांना ते आवडेल. पण साहेब पुन्हा तेच विचारतील, का काढला. मी म्हणेन, रान ओळखीचं वाटलं. ते खोटं नाही, आणि साहेबांना पुरेल की नाही ते त्यांचं त्यांनी बघावं.

त्याच्या पुढचं तुम्हाला सांगते, कारण हे पत्र कुठे जाणार नाही. बसमधून उतरून मी समोर पाहिलं आणि मनात आलं, अहो, इथंही आपलंच रान. घाईनं फोटो काढला, म्हणून तो असा सरळसोट आला. काढून झाल्यावर मी मोबाईल उजव्या बाजूला धरला, माझ्या खांद्याच्या बराच वर, मालकांना नीट दिसेल असा. नणंद म्हणाली, "वहिनी, कोणाला दाखवून राह्यल्या?" मी म्हणाले, "कोणाला न्हाई, स्क्रीनवर ऊन येतंय," आणि हात तसाच थोडा वेळ वर ठेवला.