टॅबिथाच्या डब्यातले पतंग

मी जाबेझ ऑलरेनशॉ, वय एकाहत्तर, एके काळचा विणकर, राहणार ओल्डम, लँकेशायर, हे अंथरुणात बसून पण शुद्धीवर राहून लिहितो. समोरच्या भिंतीवर मला पंख पसरून पतंग बसलेले दिसतात. ते तिथे नाहीत हेही मला कळतं, तेव्हा डोकं ठिकाणावर आहे असं धरावं. याआधीची माझी सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत.

कलम १. माझं पतंग धरायचं जाळं शेजारच्या ईनॉक बूटवाल्याला द्यावं. तीस वर्षं मागतो आहे. जाळ्याला भोक आहे अशी तक्रार तो करणारच. ते त्याने स्वतः शिवावं.

कलम २. चहाची मोठी किटली प्रार्थनामंदिराला. तिथले धर्मोपदेशक एकदा भर सभेत म्हणाले होते, "ज्याचा आजा माकड, त्याला आमच्यात चहा नाही." मी माकडाचं नावही घेतलं नव्हतं, पतंगांबद्दल बोललो होतो. आता दर रविवारी त्यांनी माझ्याच किटलीतून ओतून घ्यावा.

कलम ३. पतंगांच्या माझ्या अकरा पेट्या गावच्या वाचनालयाला, पण एका अटीवर: शेजारी माझ्या थोरल्या बहिणीचा, टॅबिथाचा, बिस्किटांचा डबा ठेवावा, आणि पाटीवर तिचं नाव माझ्या वर असावं. कारण लिहितो.

आम्ही गिरणीतली माणसं दर रविवारी गुत्त्यात जमायचो. टेबलावर आठवड्याचे पतंग मांडायचे. दुर्मीळ असेल त्याची वाहवा, साधा असेल तो चुलीत. मीही घरी तेच करायचो. दुर्मीळ तेवढा पेटीत, बाकीचे खिडकीत टाकायचे. डोळे मिटले की अजून ते रान दिसतं. खोडं दगडफुलाने पांढुरकी, त्यांवर मिरपूड भुरभुरल्यासारखे फिकट पतंग. सालीला बोट लावावं, तर सालच उडून जायची. तेव्हा काळा पतंग दिसला की मी हरखून जायचो.

मग धुराडी वाढली. दगडफूल मेलं, खोडं काजळीने काळी झाली. फिकट पतंग उघडे पडले, पाखरांनी वेचून खाल्ले. थोडे काळे आधीपासून होतेच. ते वाचले, त्यांची पिल्लं त्यांच्यावर गेली. त्यांना कोणी रंगवलं नाही, एकाही पतंगाने जन्मात रंग बदलला नाही. फक्त मरणारे वेगळे झाले, म्हणून उरणारेही. झोपेत ते सगळं रान माझ्यासमोर हलकेच काळं होत जातं आणि मला जाग येते.

पण माझ्या पेट्या उलटं सांगतात. आधी काळे दुर्मीळ म्हणून जुन्या पेट्या काळ्या, नंतर फिकट दुर्मीळ म्हणून नव्या पेट्या फिकट. पाच वर्षांपूर्वी मँचेस्टरच्या एका विद्वानाने पतंगांच्या रंगाबद्दल पत्राने विचारणा केली, तेव्हा मी गुत्त्यात पेट्या उघडून ठणकावून सांगितलं, की पतंग उजळत चाललेत.

बायका तिथे येत नसत. टॅबिथा आली, डबा घेऊन. मी खिडकीत टाकलेले पतंग तिने शिवणाच्या टाचण्यांनी, वर्ष लिहून, एक्केचाळीस वर्षं डब्यात लावले होते. वरची ओळ सगळी फिकट, शेवटची सगळी काळी.

"जाबेझ, तू जपलंस ते नवलाचं," ती म्हणाली. "रानात होतं ते सगळं तू टाकलंस."

"बिस्किटाच्या डब्यातला कचरा आहे हा," मी म्हणालो. सगळे हसले. विद्वानाला माझंच म्हणणं कळवलं गेलं. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते, पण पाच वर्षं माझ्या उंबऱ्याला तिचा पाय लागला नाही. मी चुकलो, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. लाज वाटते.

कलम ४. घर, आणि वाचनालयात ठेवला तरी वरील डब्याची मालकी, बहीण टॅबिथा क्लेग हिला.

हे कलम खोडलं आहे. वकिलाच्या कारकुनाकरवी मी तिला बोलावलं. आज ती आली, उभ्यानेच सगळं वाचलं आणि दौतीकडे हात नेला.

कारकून म्हणाला, "थांबा बाई! साक्षीदार झालात तर कायद्याने तुम्हाला यातलं काही मिळणार नाही. घर जाईल."

"जाऊ दे. घर माझ्या केझायाला लिही. मला सही करायचीय."

"ताई, विचार कर," मी म्हणालो.

"पाच वर्षं तेच करतेय. आणि डबा मला देतोयस म्हणे! माझीच वस्तू मला देणारा तू कोण रे? तो वाचनालयाला मी देईन. खोड ते."

खोडलं. घर भाची केझायाला.

ओल्डम, ११ मे १८९७.

सही: जाबेझ ऑलरेनशॉ

साक्षीदार:

१. सायलस पिकप, वकिलाचा कारकून.

२. टॅबिथा क्लेग. भावाने माझ्यासमोर सही केली. पतंग मी टाचले. वर्षं खरी आहेत.