मीच घडवलेला मी

१२ जानेवारी, रविवार. कुरवंडे.
‘शिल्प आणि स्वत्व’ शिबिराचा शेवटचा दिवस. निवासी, जेवणासह. खिडकीसमोर ड्यूक्स नोजचा सुळका. एवढं मोठं नाक निसर्गाने कुणालाही न विचारता काढलं.
गंधार सर म्हणाले, माणूस दगड म्हणून जन्माला येतो आणि लोक त्याला ठोकून आपल्याला हवा तसा करतात; आता छिन्नी स्वतःच्या हातात घ्या. टाळ्या. सगळ्यात शेवटी थांबलो तो मी. (प्रत्यक्षात शाडू माती दिली. दगड लेव्हल टूला.)
विचार केला. माझं नाव वडिलांनी, म्हणजे आबांनी ठेवलं. सायन्सला आबांनी घातलं. कंपनीत आबांनी चिकटवलं. अनघाला माझ्याआधी आबांनी पाहिलं. तळेगावचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर घेतला, कारण तिसरा चढताना आबांचे गुडघे दुखतात. आबा राहतात सुदुंबऱ्याला.
निश्चय: स्वतःचा अर्धपुतळा करायचा. कुणाचा सल्ला नाही. पुतळा पुरा होईल त्या दिवशी नोकरीचा राजीनामा, आणि आबांना तोंडावर सांगायचं की आजपासून मी माझा. वय सेहेचाळीस. उशीर झालेला नाही.

१५ जानेवारी, बुधवार
शाडू आणली. बाल्कनीचं नाव आजपासून स्टुडिओ. अनघाची कपड्यांची दोरी हॉलमध्ये बांधली. ती म्हणाली, ओल्या टॉवेलखाली बसून जेवायचं का? सांगितलं, स्वातंत्र्याची किंमत मोजावी लागते. ती म्हणाली, तुमचं स्वातंत्र्य आणि मोजायची मी. तिला शिबिराला न्यायला हवं होतं.

१९ जानेवारी, रविवार
डोकं झालं. मान आपोआप पुढे झुकली. मी ती तशीच ठेवली, समाजाचं ओझं म्हणून. चहा घेऊन आलो तोवर डोकं जमिनीवर. आतला तारांचा सांगाडा कमी पडला. समाजाचं ओझं अंदाजापेक्षा जास्त निघालं.

२६ जानेवारी, रविवार
सांगाडा नवा. आरसा वापरणार नाही. आरशात दिसतो तो लोकांनी केलेला मी. मला आतला हवाय.
दहा वाजता आबांचा फोन. विहिरीवरची मोटर जळली, ये. आज ठामपणे सांगणार होतो की मी स्वतःवर काम करतोय. ‘आबा, आज जरा...’ इथपर्यंत बोललो. ते म्हणाले, येताना वायर घिऊन ये.
गेलो. पण स्वतःच्या मर्जीने गेलो, हा फरक आहे. वायरही मीच निवडली. ती बदलून आणावी लागली.

२ फेब्रुवारी, रविवार
चेहरा येतोय. रुंद कपाळ, दाट भुवया, झुपकेदार मिशा, करारी हनुवटी. नजर अशी की समोरच्याने आपण काय चुकलो ते आठवत बसावं. इतकी वर्षं हा माणूस माझ्यात दडून होता.
शेजारचे दीनानाथ काका डोकावले. म्हणाले, वडील बरे आहेत ना? बरे आहेत म्हटलं. ते म्हणाले, मग ठीक आहे, पुतळा पाहून मला उगाच शंका आली. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार
बयाबाई बाल्कनी पुसायला गेल्या आणि डोक्यावर पदर घेऊन मागे फिरल्या. म्हणाल्या, आबा बसल्यात तितं, मी न्हाई जायची. मी समजावलं की ती माती आहे. म्हणाल्या, आसंल, पर बगत्यात की.
कलाकृतीला दरारा आहे, एवढाच याचा अर्थ. तरी नाक बदललं.

९ फेब्रुवारी, रविवार
नाक बदलल्यावर जास्तच आबा. मिशा काढून टाकल्या. अनघा म्हणाली, आता लग्नातल्या फोटोतले आबा. भुवया विरळ केल्या. ती म्हणाली, आजारातून उठलेले आबा.
तिला शांतपणे विचारलं, तुला यात मी कुठेच दिसत नाही? तिने बराच वेळ पाहिलं. म्हणाली, लहानपणापासून तुम्ही एकच चेहरा नीट पाहिलाय. रागावलाय का, हे बघायला. स्वतःचा चेहरा पाहता तो दाढीपुरता. हाताला जो येतो तोच होणार.
अनघाचं कलेचं शिक्षण झालेलं नाही. जेवणात मीठ जास्त होतं, असं मला वाटलं. ती म्हणाली, नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
जाणकाराचं मत घ्यावं म्हणून गंधार सरांना फोटो पाठवला. उत्तर आलं: ‘पॉवरफुल! वडिलांची उपस्थिती जबरदस्त.’ खाली पुढच्या शिबिराची लिंक. लेव्हल टू, ‘पितृमुक्ती.’ अर्ली बर्ड सवलत शनिवारपर्यंत.

२३ फेब्रुवारी, रविवार
अनर्थ. अनघाने फोटो माझ्या आईला पाठवला. म्हणे, त्यांना आनंद होईल. आबा येत्या रविवारी बघायला येताहेत.
नंतर वाटलं, बरंच झालं. समोरासमोर होऊन जाऊ दे. वाक्य तयार केलं: ‘आबा, हा मी आहे.’ शिफ्टमध्ये, बसमध्ये, बाथरूममध्ये म्हणून पाहिलं. बाथरूममध्ये उत्तम येतं.

२ मार्च, रविवार
आबा दुसरा मजला न थांबता चढले. स्टुडिओत खुर्ची मागवली, पुतळ्यासमोर बसले. मी घसा साफ केला. म्हणालो, ‘आबा, हा...’ आबा म्हणाले, मिशा कुटं गेल्या?
मग म्हणाले, कान लय मोटं झाल्यात. आन् मान ताट कर. मी कंदी कुनाम्होरं मान खाली घातली व्हय?
आई पुढे आली. पुतळ्याच्या गालावरून हात फिरवला. हाताला माती लागली ती पुसली नाही. म्हणाली, घरात कंदी बापाशी दोन शब्द बोलत न्हाईस, आन् आतमंदी एवडी माया ठिवली व्हय रं. डोळे पुसले. आता गालालाही माती.
यानंतर ते वाक्य कसं बोलणार? योग्य वेळ नव्हती. वेळेचं भान हेही एक स्वातंत्र्यच.
कान लहान केले. आबा म्हणाले, फुडच्या आइतवारी मी बसतो म्होरं, नीट बगून कर.

९ मार्च, रविवार
आबा बसले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. पुतळ्याला मिशा पुन्हा लावल्या. हलू नका, बोलू नका म्हटलं तर खरंच हलले नाहीत. जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं. ही संधी साधून म्हणालो, आबा, मी नोकरी सोडायचं म्हणतोय. ओठ न हलवता म्हणाले, मला बोलू नको म्हनलास, मंग तू बी बोलू नको.
थोड्या वेळाने त्यांना झोप लागली. बसल्या बसल्या. हनुवटी छातीवर, खालचा ओठ सुटलेला. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुणीतरी थकलेला, लहानखुरा म्हातारा होता. मी त्यांच्याकडे एवढा वेळ कधीच पाहिलं नव्हतं. पाहायची भीती वाटायची. हात थांबला. अनघाने हळूच चादर आणून दिली, ती त्यांच्या मांडीवर टाकली.
वाटलं, असाच करावा. हाच खरा. ओठाला हात लावला, जरासा सैल केला. तेवढ्यात ते जागे झाले. पाहिलं, म्हणाले, तोंड मिटीव त्येचं, माशी जाईल.
मिटवलं.

१६ मार्च, रविवार
गणपतीच्या कारखान्यातल्या सोपानरावांकडे नेऊन साचा काढला. फायबरचा होईल. रंग कोणता, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी ब्राँझ सांगणार होतो. आबांनी त्यांना आधीच फोन केलेला. सोनेरी.
राजीनामा मार्च-एंड झाल्यावर. डिपार्टमेंटला अडचणीत टाकणं बरं नाही.

६ एप्रिल, रविवार. सुदुंबरे.
विहारातली वंदना आटोपून सगळे आमच्या ओट्यावर आले. सोनेरी आबा टेबलावर, खरे आबा शेजारी खुर्चीवर. कुणीतरी पुतळ्यासाठी हार आणला होता. आईने तो मागे घेतला, म्हणाली, जित्या मानसाच्या पुतळ्याला हार नगं. मग तो खऱ्या आबांच्या गळ्यात घातला.
लोकांनी विचारलं, कुनी केला? मी पुढे झालो. आबा म्हणाले, आमच्या प्रज्ञेशनं. त्येला मीच म्हनलो, नुस्ता कंपनीत जाऊन येतोस, हातानं काई तरी करत जा.
असं ते कधीच म्हणाले नव्हते. मी अनघाकडे पाहिलं. ती भजी वाढत होती. खाली बघून हसत होती.
सगळे पांगल्यावर आबांनी बोलावलं. मला वाटलं, शाबासकी. म्हणाले, गेणूभाऊच्या बापाचा बी करायचा हाय, मी हो म्हनलोय. त्येंचा योकच फोटो हाय, त्यो बी मतदानाच्या कार्डावरचा. आइतवारी सकाळी आट वाजता जाऊन घिऊन ये.
मी साडेआठ म्हणणार होतो.