पूल न उडवणारा सेनापती

प्रिय भाऊजी,

वहिनीचा नमस्कार, आणि तुमच्या रागालाही वेगळा नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? इथे आम्ही बरे आहोत, म्हणजे मी बरी आहे. तुमचे दादा तोंड पाडून बसलेत. एका सिनेमातल्या सेनापतीवरून दोन सख्खे भाऊ बोलेनासे झालेत, हे मी शेजारच्या शिंपीणबाईंना सांगितलं, तर त्यांना वाटलं वाटणीचंच काहीतरी असणार (लोकांना आपल्या घराबद्दल फार आदर आहे).

"शत्रू दारात आला तरी पूल उडवत नाही, तो सेनापती मूर्ख आणि त्याची बाजू घेणारेही मूर्ख," असं म्हणून तुम्ही चपला घालून गेलात, तेव्हापासून यांनी दर रविवारी दुपारचा तुमचा तो ठरलेला सिनेमा लावलाच नाही. शेवटी परवा मीच लावला. इतकी वर्षं मी तो स्वयंपाकघरातून नुसता ऐकत आले. तोफा सुरू झाल्या की कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. घोडे फार गुणी, त्यांना शंभरपैकी शंभर. धुळीतून ते सैन्य टेकडी उतरतं तेव्हा अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. पण नायकाच्या अंगावर अख्खी भिंत पडते आणि भांग जागच्या जागी! सेनापतीचं भाषण संपेपर्यंत शत्रूही निमूट थांबतो (असा समजूतदार शत्रू मिळायला भाग्य लागतं). आणि ती नर्स एक पट्टी बांधायला इतका वेळ लावते, की तेवढ्यात जखमी आपोआप बरा व्हावा. तिथे तुम्ही दर वेळी चहा करायला उठता, त्यात तुमचं काही चुकत नाही.

पण भाऊजी, त्याच रटाळ प्रसंगात नर्स सेनापतीला सांगते, की जखमींच्या गाड्या अजून पलीकडेच आहेत आणि पहाटे त्याच पुलावरून यायच्या आहेत. म्हणून तो पूल उडवत नाही. तुम्ही ते कधी पाहिलेलंच नाही!

मी यांना फैलावर घेतलं. एवढं ठाऊक होतं, तर इतकी वर्षं भावाला सांगितलं का नाही? यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर वाद मिटला असता. मग तो दर रविवारी कशाला आला असता?" मला आधी हसू आलं आणि मग रडूच आलं.

तेव्हा या रविवारी या.

तुमची वहिनी

ता. क. : हे गुपित मी फोडलं, ते यांना अजिबात कळू देऊ नका. नर्स आली की नेहमीसारखे चहाला उठा.

ता. क. २ : आणि चहा घेऊन आलात की सेनापतीला मूर्ख म्हणा. जरा मोठ्यानेच म्हणा, हे वाट पाहताहेत.