किल्ली तिसऱ्या पक्षाच्या पर्समध्ये

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे आठांपैकी चारच अंगं सध्या वाकतात. बाकीची मनातल्या मनात वाकली असं समज.) तुझा रक्तदाब कसा आहे? सकाळचं चालणं चालू आहे, की कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाऊन परत येतोस? वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे मला तुझ्या सुनेकडून कळलं, तुझ्याकडून नाही, पण त्याबद्दल या पत्रात मी एक अक्षर काढणार नाही. वहिनीला म्हणावं, थेंब वेळेवर घाल आणि दादाकडे फार वेळ बघू नकोस, डोळ्यांना ताण पडतो. आमचं इथे सगळं ठीक आहे. आमचं म्हणजे माझं एकटीचं, पण पत्रात 'आमचं' लिहिलं की घर जरा भरल्यासारखं वाटतं.

पत्राचं कारण असं, की माझ्याबद्दल तुझ्या कानावर काहीबाही आलं असणार. मला विद्यापीठातून काढलं, मी एका सभ्य गृहस्थांची किल्ली चोरली आणि दोन इमारतींतल्या चाळीस माणसांनी माझ्याविरुद्ध सह्या केल्या. यातली पहिली गोष्ट साफ खोटी आहे. दुसरी, सांगणारा कोण त्यावर अवलंबून आहे. तिसरीत आकडा चुकलाय. सह्या त्रेसष्ट होत्या.

आता पहिल्यापासून सांगते, आणि मधे मधे नाक मुरडू नकोस. अकरा महिन्यांपूर्वी मी तुला फोनवर सांगितलं, की पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर सव्वीस वर्षं काढून मी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि 'शांतता-उभारणी आणि संघर्ष-परिवर्तन' या विषयात एम.ए.ला नाव घातलं. त्यावर तू म्हणालास, "अगं, तुझं नवऱ्याशी पटलं नाही, सासूशी पटलं नाही, माझ्याशी तर जन्मात पटलं नाही. तू आता या वयात जगात शांतता नांदवणार?" आणि हसलास. मागून वहिनीही हसली. (तिचं ऑपरेशन झालंय म्हणून तिला माफ केलं.) त्यानंतर मी तुझा फोन उचलला नाही. पण उत्तर तयार होतं, ते आज लिहून देते. हृदयाचे डॉक्टर हृदय कधीच न दुखलेल्यांतून निवडतात का, ते मला माहीत नाही, पण भांडणाचा अभ्यास भांडणाचा अनुभव असलेल्या माणसाने करावा यात चूक काय? आमच्या वर्गात एकोणीस जण आहेत. त्यातल्या अठरा जणांनी भांडण पुस्तकात पाहिलंय. मी खिडकीच्या आत बसून रोज साठ भांडणं पाहिली. नळाला आठ दिवस पाणी नाही म्हणून रडणाऱ्या बाईला मी 'पुढच्या खिडकीवर जा' असं म्हटलंय, आणि पुढच्या खिडकीवर कुणी बसत नाही हे मला माहीत होतं. त्या बायांसाठी मी नाव घातलंय. तुला हे सांगितलं असतं, पण तू हसत होतास.

तर दुसऱ्या सेमिस्टरला आम्हाला प्रात्यक्षिक असतं. दोघा दोघांनी एखादं खरंखुरं भांडण घ्यायचं, दोन्ही बाजूंना एकत्र बसवायचं, आणि स्वतः काही न सुचवता त्यांचं त्यांना ऐकायला लावायचं. आमच्या मॅडमचा यावर फार कटाक्ष. (मॅडम माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत आणि इतक्या हळू बोलतात, की शेवटच्या बाकावर शांतता आपोआपच होते.) माझी जोडीदारीण एक चोवीस वर्षांची मुलगी. तिला मी टिपणी म्हणते, कारण ती सगळं लिहून घेते. मी शिंकले तरी वेळ टाकून लिहिते.

आमच्या वाट्याला आलं ते एका फाटकाचं भांडण. एक पुढची इमारत, एक मागची इमारत, मधे अरुंद बोळ आणि बोळाच्या रस्त्याकडच्या तोंडाला लोखंडी फाटक. मागच्या इमारतीत तळमजल्याला एका बाईची बेकरी आहे. तिची लोखंडी चाकांची हातगाडी ब्रेड घेऊन पहाटे पाचला बोळातून खडखडत जायची. बोळावरच खिडकी असलेले पुढच्या इमारतीचे सेक्रेटरी, जमीन मोजणी खात्यातले निवृत्त मोजणीदार, त्या खडखडाटाने झोपमोड होते म्हणायचे. नऊ वर्षं दोघांनी एकमेकांना चिठ्ठ्या लिहिल्या, आणि दोन वर्षांपूर्वी मोजणीदारांनी ठराव करून फाटकाला कुलूप घातलं. किल्ली एकच, ती त्यांच्या कमरेला. मागच्या इमारतीला दुसरी वाट आहे, नाही असं नाही. मागच्या गल्लीतून सत्तावीस पायऱ्या. बेकरीवालीची गाडी तिथे चढत नाही, म्हणून दोन माणसं ब्रेडचे ट्रे डोक्यावर वाहतात. आणि तिचे वडील, जुने घड्याळजी, चाकांचा वॉकर घेऊन चालतात. ते चौदा महिने घराबाहेर पडलेले नव्हते.

बैठक आम्ही बेकरीतच घेतली. मी घरून चौदा प्रश्न लिहून नेले होते. खुर्च्या गोल मांडल्या, पाणी ठेवलं, आवाज मॅडमसारखा लावला. (टिपणीने मागाहून सांगितलं, की माझा घसा बसल्यासारखा वाटत होता.) पहिली वीस मिनिटं बरी गेली. मोजणीदारांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली, बोळाचा नकाशा उलगडला आणि कुठली फरशी कुणाची ते सेंटिमीटरमध्ये सांगितलं. बेकरीवालीने नऊ वर्षांच्या चिठ्ठ्या काढल्या, एका पिठाच्या डब्यात जपून ठेवलेल्या. ती म्हणाली, "ह्यांना झोप येत नाही तर त्यात माझा काय दोष? दुसऱ्याच्या पोटावर पाय देणाऱ्याला कशी येईल झोप?" मी मान हलवली. सांगितलेलंच तसं होतं, मान हलवायची. मग तिने वडिलांचा विषय काढला आणि मोजणीदार म्हणाले, "ते ठीक आहे, पण या वयात त्यांना खाली यायचंच कशाला?"

दादा, खरं सांगते, तिथे मला त्यांचा आवाज ऐकूच आला नाही. तुझा आला. 'या वयात.' अगदी तसाच, हसण्यासकट. (ते हसले नव्हते. टिपणीच्या वहीत तशी नोंद आहे.) मी उठले. 'या वयात म्हणजे काय, माणसाने मरेपर्यंत भिंत बघत बसायचं का,' इथून सुरुवात करून मी मोजणीदारांना जे सुनावलं, ते ऐकून बेकरीवाली खुशीत मान डोलवू लागली. मग मी तिच्याकडे वळले. दोन वर्षांत गाडीला रबराची चाकं लावण्याएवढी अक्कल सुचली नाही, आणि बापाला पुढे करून भांडतेस, असं तिलाही झाडलं. मग दोघंही एकदम माझ्यावर ओरडायला लागली. मी टेबलावरची किल्ली उचलली, "ही आता तिसऱ्या पक्षाच्या ताब्यात," असं जाहीर केलं, पर्समध्ये टाकली आणि सत्तावीस पायऱ्या उतरून तडक घरी आले. चौदांपैकी एकही प्रश्न विचारायचा राहिला नाही असं म्हणायला आवडलं असतं. बारा राहिले.

घरी आल्यावर टिपणीच्या मेसेजवरून कळलं, की मोजणीदारांची स्कूटर बोळात, फाटकाच्या आत अडकली आहे. मी काय करणार? किल्ली परत केली असती तर मी एका बाजूची झाले असते. चार दिवस फोन वाजत होता, तो मी उचलला नाही. (त्या कामात माझा हात बसलाय हे तुला ठाऊकच आहे.)

पुढचं सगळं मला टिपणीने सांगितलं, कारण तिला राहवेना म्हणून ती तिकडे जात राहिली. मोजणीदारांनी विद्यापीठाकडे माझी तक्रार करायचं ठरवलं, आणि बेकरीवालीनेही ठरवलं. टिपणीने भोळेपणाने त्यांना सांगितलं, की वेगवेगळ्या दोन तक्रारी आल्या तर विद्यापीठ त्या एकतर्फी समजून बाजूला ठेवतं, दोघांची मिळून एक आली तर गंभीरपणे घेतं. (भोळेपणाने, असं तीच म्हणते. मला आता शंका येते.) संयुक्त तक्रार लिहायची तर अक्षर चांगलं कुणाचं? घड्याळजींचं. ते राहतात कुठे? मागच्या इमारतीत. फाटक बंद. म्हणून पासष्ट वर्षांचे मोजणीदार कागदांची गुंडाळी घेऊन मागच्या गल्लीला वळसा घालून त्या पायऱ्या चढायला लागले.

सवयीने मोजत चढले. बाराव्या पायरीवर बसले. बेकरीवाली वरून बघत होती. थोड्या वेळाने ती पाण्याचा तांब्या घेऊन खाली आली आणि तिसऱ्या घोटाला मोजणीदार म्हणाले, "तुमचे वडील हे रोज चढायचे?"

"चढायचे. मग सोडलं," ती म्हणाली. आणि मग, रागानेच, "तुम्हाला पाच वाजता झोपायचं तरी कशाला असतं हो? म्हातारी माणसं तर चारलाच उठतात."

"मी उठतोच," ते म्हणाले. "बायकोला झोपायचं असतं. ती नर्स आहे, रात्रपाळीची. साडेचारला घरी येते. जरा डोळा लागला, की तुमची गाडी."

नऊ वर्षांच्या चिठ्ठ्यांत बायकोचा उल्लेख नव्हता. घरातल्या बाईच्या झोपेबद्दल चिठ्ठीत काय लिहायचं, असं त्यांना वाटलं होतं. कुणी विचारलंच नाही, असंही म्हणाले. माझ्या चौदा प्रश्नांतही तो नव्हता, दादा. हे मी कबूल करते, पण फक्त तुझ्याजवळ.

तक्रार तीन बैठकांत तयार झाली. घड्याळजींनी दोन्ही बाजूंचं शुद्धलेखन दुरुस्त केलं. 'सदर विद्यार्थिनी ऐकून घेत नाही, आरडाओरडा करते आणि वस्तू घेऊन पळून जाते' असं वाक्य आहे, आणि अक्षर इतकं देखणं, की मी त्याची झेरॉक्स जपून ठेवली आहे. त्रेसष्ट सह्या. अकरा वर्षांत त्या दोन इमारतींनी एका कागदावर सह्या करण्याची ही पहिली वेळ. शेवटच्या बैठकीत, सगळे जमलेच आहेत तर, म्हणून करवतीवाल्याला बोलावलं, कुलूप कापलं आणि गाडीला रबरी चाकं बसवायचं ठरलं. नवीन कुलूप आणलं नाही.

मला विद्यापीठाच्या समितीपुढे बोलावलं. तिघं बसले होते, मधे मॅडम. "माफी मागणार का?" असं एकाने विचारलं. मी म्हटलं, "नाही." म्हटलं, मी तटस्थ नव्हते, आणि एक माणूस चौदा महिने घरात कोंडला असताना पुढेही नसेन. मला काढायचं तर काढा, मी पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरीन, आणि तेव्हा मी आणखी एक वर्षाने म्हातारी असेन, तेही तुमच्या गळ्यात. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं (तो त्यांचा विषयच आहे) आणि शेरा लिहिला: 'तटस्थता शून्य. ऐकणे शून्य. परिणाम उत्तम, परंतु विद्यार्थिनीमुळे की विद्यार्थिनी असूनही, हे स्पष्ट नाही.' काढलं मात्र नाही. ऐकलंस? काढलं नाही.

त्यानंतर मी एकदा त्या फाटकापाशी गेले. माफी मागायला नव्हे, पाहणीला. सकाळी दहाची वेळ. फाटक सताड उघडं होतं आणि आतून वॉकर ढकलत घड्याळजी येत होते. मला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. दर चार पावलांनी थांबायचे, भिंतीला हात लावून बघायचे, मग पुढे. माझ्यासमोर येऊन म्हणाले, "कुणाकडे आलात?"

"कुणाकडे नाही."

"मग जरा वाट सोडा. मला रस्त्यावर जायचंय."

मी वाट सोडली. सव्वीस वर्षांत लोकांना बाजूला सारलं, पण स्वतः इतक्या खुशीने कधी सरकले नव्हते. ते रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि रहदारी बघू लागले, जणू ती कुणी आपल्यासाठीच चालू केली आहे. मला रडू आलं, असं टिपणीला सांगू नकोस. लिहून घेईल.

तेव्हा या विषयात मी पास होणार, आणि एम.ए. होणार, आणि पाटी लावणार. तुला हसायचं तर हस. वहिनीला नमस्कार, सूनबाईला आशीर्वाद.

तुझी (नाइलाजाने) धाकटी बहीण

ता. क. एक लिहायचं राहिलं. समितीने एक अट घातली आहे. ज्याच्याशी किमान पाच वर्षं मतभेद आहेत, अशा एका माणसाकडून 'ही विद्यार्थिनी समोरच्याचं ऐकून घेऊ शकते' असं लेखी आणायचं, नाहीतर तिसरं सेमिस्टर नाही. नवऱ्याकडे मागणार नाही. सासूबाई हयात नाहीत. आपण दोघं गेली सत्तेचाळीस वर्षं पात्र आहोत. महिनाअखेर मुदत आहे.

ता. क. २. तुला लिहायचा त्रास नको म्हणून तुझं मत मीच लिहून सोबत जोडलं आहे. फुली केलीय तिथे सही कर. मजकुरात बदल चालणार नाहीत.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, ते परत उघडलं. मी लिहिलेलं फाडून टाक. तुला काय वाटतं ते लिही, वाईट असलं तरी. त्याआधी फोन कर आणि त्या दिवशी हसलास ते का, ते सांग. मी मधे बोलणार नाही. निदान पहिली पाच मिनिटं.